हातभर अंतर

…आणि वर मलाच विचारतात, "लागलं का?" अहो, लागलं का म्हणजे काय? गाडीचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला, कोपराची साल निघाली, मी कडेच्या झुडपात, सायकल माझ्या अंगावर, तिचं मागचं चाक अजून हवेत गरगर फिरतंय, आणि हा गृहस्थ काच खाली करून म्हणतो, "लागलं का? दिसला नाहीत हो तुम्ही." दिसलो नाही! अंगात पिवळं जाकीट, असलं पिवळं की आमच्या गल्लीतली झोपलेली कुत्री मला बघून उठून बसतात, डोक्यावर लाल हेल्मेट, मागे लुकलुकणारा दिवा… तुम्हाला सांगतो, चंद्रावरून दिसेन मी, पण शेजारून जाणाऱ्याला दिसत नाही. हातभर अंतर हो… जास्त काही मागतो का मी?

माझं फ्रेमचं दुकान आहे. फोटो, चित्रं, सर्टिफिकिटं, आरसे… भिंतीवर टांगायचं जे काही असेल ते माझ्याकडे येतं आणि चौकट घालून घेऊन परत जातं. आता गंमत बघा, दिवसभर माझं काम काय, तर अंतर सोडणं. चित्राच्या चारी बाजूंनी कोरी पट्टी सोडावी लागते, नाही सोडली तर चित्र गुदमरतं. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "पट्टी जरा रुंद ठेवा हो, चित्राला श्वास घेता आला पाहिजे." ठेवतो की! आणि तेच गिऱ्हाईक दुकानातून निघतं, गाडीत बसतं आणि माझ्या कानाला वारा घालत जातं. कागदाला श्वास पाहिजे, मला नको.

सगळ्यात वाईट कोण, सांगू? एक पांढरी गाडी. तिच्या दारावर एक दात काढलाय, हसणारा दात, त्याला हात आहेत, पाय आहेत आणि त्याच्या हातात ब्रश आहे. दाताला हात! रोज सकाळी पुलाच्या चढावर मी धापा टाकत असतो, तेव्हा हा दात येतो. आधी हॉर्न, मग वारा, मग दात. इतक्या जवळून जातो की एखाद्या दिवशी माझेही घासून देईल असं वाटतं.

घरी सांगायची सोय नाही. कारण घरी आमचे मेहुणे. म्हणजे बायकोचे धाकटे बंधू, आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात, जेवायला खाली असतात आणि मत द्यायला कायम खाली असतात. मी ताटावर बसून आपलं गाऱ्हाणं सुरू केलं, की हे घास थांबवून, "भाऊजी, चूक तुमचीच. कडेनं का नाही चालवत?" मी म्हटलं, कडेला गटाराची जाळी आहे, चाक अडकतं. "मग हळू चालवा." हळूच चालवतो, त्याहून हळू गेलो तर पडेन. "मग मागून हॉर्न ऐकला की थांबा." थांबलो तर त्याच्या मागचा अंगावर येतो. "मग सायकल चालवताच कशाला?" म्हणजे वळसा घालून घालून शेवटी माझ्या मुळावरच.

कशाला चालवतो… तुम्हाला म्हणून सांगतो. दुकानात गिऱ्हाईक सांगतं, घरी ही सांगते, ही गप्प बसली की मेहुणे सांगतात. घर ते दुकान एवढा तुकडाच काय तो असा, की जिथे मला कुणी काही सांगत नाही. पायडल मारायचं, घाम गाळायचा, मनात येईल ते गुणगुणायचं. लहान मुलासारखा मोकळा होतो हो मी तेवढ्यात. आणि मागच्या वेळी मी त्या झुडपातून उठून घरी आलो, तेव्हा ही हळद लावता लावता एवढंच म्हणाली, "अहो, पुन्हा एकदा हे कोपर सोललेलं दिसलं ना, तर सायकल भंगारात. आणि तुम्ही माझ्या भावाच्या गाडीतून दुकानात." भांडली असती तर मी ऐकलं नसतं. पण ती हळू बोलली, आणि ती हळू बोलली की ते खरं असतं.

झालं. म्हणजे आता कोपर जपायचं. कोपर गेलं की सायकल गेली, सायकल गेली की मी गेलो.

मग म्हटलं, आपणच डोकं चालवू. एका केस कापणाऱ्याचा आरसा पोचवायचा होता, चांगला पुरुषभर उंचीचा. मी तो कॅरिअरवर आडवा बांधला. आमच्या धंद्यात एक नेम आहे, काचेची बाजू आपल्या पाठीकडे कधी ठेवायची नाही. खड्डा आला, काच फुटली, तर पाठीत घुसते. म्हणून काच मागे, पाठपुठ्ठा आपल्याकडे. मी मनात म्हटलं, आरसा आपल्यापेक्षा रुंद आहे, गाडीचा रंग खरवडला जाईल या भीतीनं तरी लोक लांबून जातील. माझी भीती नसेल, रंगाची तर असेल? कसलं काय! मागून येणाऱ्याला आरशात स्वतःची गाडी दिसते. समोरून, झगझगीत. माणूस खूश! जवळ येतो, आणखी जवळ येतो, एकानं तर हॉर्न देऊन मला थांबवलं आणि भांग पाडून घेतला. एक बाई ओठाला रंग लावत कितीतरी वेळ माझ्या मागच्या चाकाला चिकटून होत्या. स्वतःला बघायला सगळे येतात हो, मला बघायला कोण येणार? हातभर अंतर… जास्त काही मागतो का मी?

आणि मग आले मास्तर.

मास्तर म्हणजे एक फोटो. भला मोठा, खिडकीएवढा. कुठल्याशा शाळेचे हेडमास्तर होते, वारले, मुलाच्या बायकोनं येऊन फ्रेमला टाकले आणि मग न्यायला कुणी फिरकेना. माझ्या दुकानात भिंतीला टेकून बसले होते. चेहरा असा, की चौकट ठोकताना मी आधी शर्टाचं वरचं बटण लावलं. कुठेही उभे राहा, नजर तुमच्यावर. मिशी नुसती नाही, रागावलेली मिशी. शेवटी कंटाळलो, म्हटलं आपणच पोचवून येऊ. बांधले कॅरिअरवर. नेमाप्रमाणे काच मागे. म्हणजे मास्तरांचं तोंड मागे.

तुम्हाला सांगतो, मी निघालो आणि थोड्या वेळानं मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. हॉर्न नाही. कानाला वारा नाही. गाडीचा आरसा कोपराला लागत नाही. बस मागे आली आणि गप्प मागेच राहिली. पुलाचा चढ आला, मी धापा टाकतोय, आणि सगळीकडे शांत. मला वाटलं, सुधारलं की जग! एका आठवड्यात! मी तर जुनं एक गाणं गुणगुणायला लागलो, मोठ्यानं. आणि वर पोचून सहज मागे वळून बघतो तर काय… गाड्यांची रांग. पुलाच्या खालपर्यंत. सगळ्यांत पुढे ती पांढरी गाडी, दारावर हसणारा दात, आणि आत एक टक्कल पडलेले गृहस्थ, ताठ बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, वर्गात तपासणीला साहेब आल्यासारखे.

मी उतरलो. तेही उतरले. डोळे भरलेले.

"बाबा…" म्हणाले.

मी म्हटलं, कोण, मी?

"नाही हो, हे. हे माझे बाबा. रोजच्यासारखा पुढे काढायला गेलो, हॉर्नवर हातसुद्धा गेला… आणि बाबांनी बघितलं." "जन्मात कधी त्यांच्या पुढे चाललो नाही. आज कसा जाणार?" मागे सगळं गाव हॉर्न वाजवतंय, आणि हा दातांचा डॉक्टर, लोकांच्या तोंडात पक्कड घालणारा माणूस, रस्त्यात उभा राहून रडतोय. मलाही भरून आलं. म्हटलं, हीच वेळ आहे. म्हटलं, डॉक्टर, रोज इथे तुम्ही माझ्या अगदी कानाला लागून जाता, मी मरता मरता वाचतो, हातभर अंतर तरी ठेवा.

त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही? तुम्ही कुठे असता?"

इथेच. सायकलवर. आत्ताही सायकल मीच चालवत होतो, तुमच्या बाबांना घेऊन.

"असं होय," म्हणाले. "दिसला नाहीत हो."

पण माणूस वाईट नाही. माझे दोन्ही हात हातात घेतले, म्हणाले, "आजपासून शब्द देतो. सायकल दिसली की हातभर काय, दोन हात लांबून जाईन." मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडून हे ऐकत होतो. मग त्यांनी बाबांना सोडवलं, मागच्या सीटवर बसवलं, हो, बसवलं, पट्टा लावला, मान हलू नये म्हणून बाजूला स्वतःचा कोट खोचला. मी बघतोय, काय जपणूक! मी निरोप घेतला, सायकलवर टांग टाकली, हलक्या मनानं उतार धरला. आणि मागून हॉर्न. मग वारा. मग दात.

कोपर.

मी कठड्याला. पुढे जाऊन गाडी थांबली, काच खाली झाली. "सॉरी हो," म्हणाले, "बाबांना उशीर झालेला चालत नाही."

म्हणजे बघा, मेलेल्या माणसाच्या मागे अख्खं गाव शिस्तीत चालतं. मेलेल्याला रस्ता देतात, पट्टा लावतात, कोटाची उशीसुद्धा देतात. जिवंताला काय? हातभर अंतर हो… जास्त काही मागितलं होतं का मी?

घरी आलो. हिनं कोपर बघितलं. मी मनात दहा कारणं तयार ठेवली होती, दुकानात पडलो, रंधा लागला… पण ही ओरडलीच नाही. पाटावर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, "तुम्ही दुसऱ्यांच्या फोटोंना फ्रेमा करा. तुमच्या फोटोला फ्रेम करायला मला दुसरं दुकान शोधायला लावू नका." तीस वर्षांत इतकं प्रेमाचं बोलली नव्हती, आणि बोलली ती सायकल काढून घेण्यासाठी. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. मी सायकलचा पुढचा दिवा तेवढा काढून ठेवला. कशासाठी, माहीत नाही.

आता रोज मेहुण्यांच्या गाडीत मागे बसतो. ते पुढे बसून मत देत असतात, मी ऐकत असतो. एखादा सायकलवाला पुढे दिसला की मी पुढच्या सीटवर वाकतो. मी म्हणतो, अहो, अंतर. ते म्हणतात, "भरपूर आहे." मी म्हणतो, अहो, माणूस आहे. ते म्हणतात, "कुठे?" शेवटी परवा पुलावर एक मुलगी सायकलवर चढ चढत होती, बिचारी धापा टाकत होती, आणि आमची गाडी सरळ तिच्या अंगावर. मी काच खाली केली आणि हात पूर्ण बाहेर काढला, खांद्यापासून. म्हटलं, आता तरी हातभर अंतर राहील ना? राहावंच लागेल.

मेहुण्यांनी करकचून ब्रेक मारला. वळून माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, कळलं. शेवटी कळलं यांना.

"भाऊजी," म्हणाले, "हात आत घ्या आधी. लोक बाजूनं किती जवळून गाड्या काढतात, अक्कल आहे का त्यांना?"

घेतला हात आत.