व्याह्यांचा देश

कळव्याच्या टेलरकडे ट्रायलसाठी थांबलेलो. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको. नवऱ्याने मोबाइल बायकोच्या हातात दिला आणि डोळे मिटले.

“थेल्मा, विचार. पोर्तुगालचं काहीपण विचार.”

“राजा कोण आहे?”

“राजा कधीच गेला! आता राष्ट्राध्यक्ष असतो, पण कारभार पंतप्रधान बघतो. आपल्यासारखंच.”

“विकतात काय?”

“बाटल्यांची बुचं. जगभर! आणि क्रांती केली ना, तेव्हा सैनिकांच्या बंदुकीत फुलं होती, फुलं!”

“बेसिल, आपल्या पोरीचं, ऑलिव्हियाचं लग्न आहे. तुझी परीक्षा नाही.”

“अगं, पोर्तुगीज ठाण्यातून गेले त्याला पावणेतीनशे वर्षं झाली. आता परत येतायत, तेही व्याही म्हणून. बोलायला काहीतरी नको?”

“तिचा सासरापण घोकतोय म्हणे. काल फोनवर सांगत होती.”

“काय घोकतोय?”

“भारत. राज्यं आणि राजधान्या.”

“कुठपर्यंत आलाय?”

“ईशान्येला अडकलाय.”

“तिथे तर मीपण अडकतो! चला, माणूस आपल्यातलाच निघाला. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीला विहिरीचं पाणी आणायला वाजतगाजत जाऊ ना, तेव्हा बँडपुढे त्याला माझ्याबरोबरच ठेव.”

“नाचणार की प्रश्न विचारणार?”

“दोन्ही. मी त्याचा देश सांगेन, तो माझा. जो चुकेल त्याने एक ग्लास मारायचा.”

“मग झालंच. तुम्हा दोघांना त्या दिवशी काही म्हणजे काही आठवणार नाही.”