साक्षीला गणपती

श्रीशैलमचा डोंगर उतरण्याआधी सगळेच साक्षी गणपतीपाशी थांबतात. रांगेत माझ्यापुढे एक सासू-सून उभ्या होत्या.

"अत्तय्या, इथे काय करायचं?"

"आपलं नाव आणि गोत्र मोठ्याने सांगायचं. आपण मल्लन्नाच्या दर्शनाला आलो होतो, याची साक्ष कैलासात हाच देतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तू आलीच नाहीस. नुसता प्रसादाचा पुलिहोरा भात खाऊन गेलीस."

"पण मला गोत्रच नाही. आमच्याकडे ते नसतं."

"लग्नात विचारलं असेल की कुणीतरी."

"रजिस्ट्रारने फक्त आधार कार्ड मागितलं. तुम्ही आला असतात तर तुम्हाला ठाऊक असतं."

"मला बोलावलं कुणी?"

"मी. तुम्ही फोनच उचलला नाहीत."

"पुढे सरक. लोक खोळंबलेत."

"तुम्ही सांगून या. मी तिकडे चपलांपाशी थांबते."

"घाटात ओकून ओकून अर्धी झालीस, तरी त्या गर्दीतून मला धरून थेट लिंगापर्यंत नेलंस. माझ्या पोटच्या लेकाला ते जमलं नव्हतं. आणि आता चपलांपाशी? उभी राहा गुमान."

"पण अत्तय्या, गोत्र..."

"गप्प. स्वामी, मी रत्तम्मा. कौंडिण्य गोत्र. आणि ही स्रवंती, माझी सून. हिचंही कौंडिण्य गोत्र. नीट ऐकलंस ना?"

"ऐकलं, अत्तय्या."

"तुला नाही गं, त्याला विचारतेय."