मासोळ्यांच्या बेटावर राहिलेला महेश

माझं नाव पद्मा. जल्म सोलापुरातल्या भवानी पेठेतला आन लगीन बी तितंच झालं, दोन गल्ल्या पलीकडं, म्हंजे मी काय लई लांब गेलेली बाई न्हाय. घरात तेलुगू, दारात मराठी, बाप मागावर चादरी विनायचा, त्या खटखटाटात वाढले म्हनून आवाज असा, कायम भांडल्यावानी, तुमी मनावर घेऊ नगा. नवऱ्याचा माग बंद पडला तवा मी पेठेतल्या बायका गोळा करून देवाला न्यायला लागले, तुळजापूर, अक्कलकोट, आन असं करत करत इमानानं अंदमान. काय सांगू तुमाला, पैल्या बारीला इमानात माझंच डोळं गच्च मिटलेलं आन मी बायकांवर वरडत हुते, घाबरू नगा गं म्हनून.

तितं एक बेट हाय, सरकारनं राखलेलं. पान्याखाली रंगीत दगडं झाडावानी वाढत्यात, ती बी जित्ती असत्यात म्हनं, आन त्यातनं निळं-पिवळं मासं. होडीच्या बुडाला काच, बसल्या जागी सगळं दिसतंय. पन नेम लई कडक. खायाचं न्यायचं न्हाय, शिंपला बी उचलायचा न्हाय, शिट्टी वाजली की समद्यांनी होडीत. रातीला तितं कुनालाच ठिवत न्हाईत, पावसाळ्यात तर बेटच बंद. मी बायकांना सोलापुरातनंच दम देते, शेंगाचटनीचे डबे हाटेलात ठिवायचे, आन देवाऱ्यात ठिवायला म्हनून दगूड उचलला तर माझ्याशी गाठ हाय.

आमच्या गल्लीत मंगलकाकू ऱ्हाती, माहेर केम गावचं. नवरा लौकर गेला, एकच पोरगं, महेश, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. त्याला त्या बेटाचं याड लागलेलं. मोबाइलवर मासं बघत बसायचा, पद्माक्का, औंदा आमाला न्या की, म्हनायचा, मायलेकाची नावं बी दिली माझ्याकडं. आन एका सकाळी छातीत कळ आली म्हनला, दवाखान्यात नेस्तवर संपला. हसतं खेळतं पोरगं, काय म्हनावं देवाला.

दहाव्याला घाटावर पिंड ठिवला तर कावळा शिवंना. झाडावर बसल्यात, खाली यीनात. मामा म्हनला, म्हेशा, आईला मी बघतो. चुलता म्हनला, घराचं मी बघतो. न्हाय म्हंजे न्हाय. ऊन चढलं, भटजी दर्भाचा कावळा करायला बसला, तवा काकू उठली, पिंडाफुडं हात जोडून म्हनली, म्हेशा, चल बाबा, तुला ती मासोळी दावते, मी सोता नेते. आन झेप घातली की हो कावळ्यानं! मी तितं हुबी हुते, सोताच्या डोळ्यानं बघितलं.

मग काय, न्यावंच लागलं. काकू आली ती दोन जागा धरून, शेजारच्या शिटावर महेशचा निळा शर्ट घडी करून. बायका कुजबुजाय लागल्या, मी म्हनलं, गप बसा गं भवान्यांनो, तुमचं काय जातंय. आता माझं कामच मानसं मोजायचं, बसमधी मोजा, जेट्टीवर मोजा, होडीत मोजा. त्या टूरला दर बारीला एक मानूस जादा भरायचं. पुन्यांदा मोजलं तरी एक जादाच. म्हनलं, पद्मे, तुझं डोस्कं फिरलंय. पन बेटावर जाताना होडीवाल्यानं मोजलं, आन त्यो बी माझ्या तोंडाकडं बघाय लागला, दीदी, एक ज्यादा है.

काकू त्यो शर्ट मांडीवर घेऊन काचेवर वाकली. बघ रं, त्यो निळा बघ, आरं त्यो पट्ट्यापट्ट्याचा बघ. रडली न्हाय, हसत हुती. मी खाली बघितलंच न्हाय, माझी छाती झाली न्हाय.

शिट्टी वाजली, समद्या होडीत आल्या, मी मोजलं. बरोबर भरलं, पैल्यांदा. बरं वाटायचं सोडून मी पुन्यांदा मोजाय लागले. काकू बेटाकडं बघून हात हलवत हुती. पद्मा, त्यो न्हाय आला गं, म्हनली. मला म्हनला, आई, तू हो फुडं, मी जरा बघतो.

घरी आल्यावर काकू नीट जेवाय लागली, पोराची इच्छा भागली, तुझं भलं हुईल, म्हनायची. मला वाटलं, सुटली बिचारी. आन मग पावसाळा लागला.

तवापासनं रोज सांजच्याला माझ्या उंबऱ्यावर येऊन बसती. पद्मा, बेट उघडलं का गं? मी म्हनते, अजून न्हाय, काकू. मग ती म्हनती, तितं रातीला कुनालाच ठिवत न्हाईत, तूच सांगितलंस, शिट्टी झाली, आपन समद्या उठून आलो, म्या बी आले, आन माझं लेकरू तितं एकलं. येक दिस मी म्हनलं, एकला कुटं, मासं हायत की त्याच्या संगं. तशी ती म्हनली, मासं काय आई हायत व्हय?

आता हंगाम सुरू झाला की पैल्या टूरला तिला न्यायचं हाय, सबूद दिलाय म्या. पन खरं सांगू, मला भ्या वाटतंय, शिट्टी झाल्यावर ती उठायचीच न्हाय. तिला न्हाय म्हनायला तोंड न्हाय आन न्यायला छाती व्हईना. तुमी लेकराबाळांचं हायसा, घरी जावा, जवळ घ्या त्यांस्नी.