वृंदगानासाठी माझी निवड

आमच्या मराठी मंडळाच्या वृंदगानात माझी निवड कशी झाली, ते तुम्हाला सांगितलंच नाही वाटतं? ऑडिशन द्यायची माझी तयारी झाली आहे की नाही, हे ठरवण्यातच महिना गेला. रोज सकाळी रियाज, प्यायला गरम पाणी, लोणचं बंद. शेवटी मी यांनाच विचारलं, "खरं सांगा, माझी तयारी झाली आहे का?"

पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले, "तुझी बिल्कुल झाली. ऐकणाऱ्यांची झाली की जा."

तरी मी रविवारी आमच्या द्वारकेहून जवळच्याच गुरुग्रामला गेलेच. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून हेच घेऊन गेले. एवढी करमणूक कोण सोडणार! मी घसा साफ केला, डोळे मिटले, सा लावणार तेवढ्यात मंडळाच्या सरांनी विचारलं, "वहिनी, बाहेर ती मोठी गाडी तुमचीच का?"

"हो."

"डिकीत पेटी आणि तबला मावेल?"

"मावेल की."

"अच्छा! मग झाली तुमची निवड."

"अहो सर, पण माझं गाणं तरी ऐका!"

"त्याची काय घाई आहे, वहिनी? कार्यक्रमात ऐकूच."

तेव्हापासून मी मागच्या रांगेत उभी राहून अगदी मनापासून गाते. माझ्या तयारीबद्दल अजून कोणी चकार शब्द काढलेला नाही. दर रविवारी सकाळी सरांचा फोन मात्र न चुकता येतो, "वहिनी, साहेबांची तयारी झाली का?"