दाराच्या पलीकडे विशाखा

लिहून घ्या, माहा जन्म कामठीचा जी. बाप पॉवरलूमवर होता, आयुष्यभर मागाच्या खडखडाटात राहून त्याचे कान गेले, म्हणून आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात, मी आवाज चढवला तं रागावला असं समजू नका. मले मागावर जायचं नव्हतं. छावणीच्या बाजूले एका टेलरमास्तरच्या हाताखाली बसलो, जवानांच्या वर्द्या फिटिंग कराच्या, काज कराचे, बटनं लावाचे, असं करत करत कैची हातात आली. मग बाप गेला, अन् मी आईले घेऊन नागपुरात आलो, इंदोरा वस्तीच्या मागे दुकान टाकलं, पुढं शिवाचं अन् मागच्या खोलीत राहाचं. वाईट नव्हतं जी, खोटं काहून बोलू.

विशाखाचं स्थळ आलं तेव्हा मले वाटलं कोणाचं तरी चुकलं असन. ती नर्स, कॅनडात एकटी जाऊन पक्की झालेली, म्हणजे तिथं कायमचं राहाची परवानगी मिळालेली, अन् मी असा टेलर. पाहाले गेलो तं तिनं सगळ्यांसमोर एकच इचारलं, मी तिकडची नोकरी सोडणार नाही, तुम्हाले चालते काय. मी म्हटलं चालते. नंतर ती सांगत होती की बाकीचे सगळे म्हणत, पाहू, विचार करू, घरच्यांशी बोलतो, तूच एकटा चालते म्हटला. विहारात लग्न झालं, सुट्टी होती तेवढी राहिली अन् गेली. तिकडे जाऊन तिनं मले कायमचं बोलावण्याची फाईल टाकली. अन् ती फाईल जी, ती तिथं जाऊन बसली ते बसलीच.

लोक इचारत, बोलावलं काय गा बायकोनं. पहिले मी हसून सांगो, होईन होईन. मग दुकानात कोणी कॅनडाचं नाव काढलं की मी मशीन जोरात चालवो.

त्यात विशाखा बर्फावर घसरून पडली, उजवा हात मोडला. नर्सचा हात मोडला तं काय राहते, घरी बसली. फोनवर पाहतो तं केस मोकळे. म्हटलं वेणी काहून नाही घातली, तं म्हणे एका हातानं वेणी कशी घालतात ते दाखव. ते ऐकून माह्यानं राहवलं नाही. तिनंच सांगतलं की फाईल चालू असली तरी भेटाले येता येते, पाहुणा म्हणून, फक्त त्यांनी दिलेल्या मुदतीत परत जायचं. टाकला अर्ज, अन् काय सांगू तुम्हाले, तो व्हिसा आला.

आता इथून माही फजिती सुरू होते.

बाजूच्या पंक्चरच्या दुकानवाला पिंट्या, माहा दोस्त, त्यानं चौकात फ्लेक्स लावला. माहा लग्नातला फोटो, मागं विमान, खाली परदेश दौऱ्यासाठी हार्दिक शुभेच्छा अन् वस्तीतल्या सगळ्या पोट्ट्यांचे फोटो. मी म्हटलं पिंट्या काढ गा ते, मी काय मंत्री आहे काय. तं म्हणे, आपल्या गल्लीतून कोण गेलं विमानानं, राहू दे. हार घालून, आईच्या हातानं दही देऊन मले विमानतळावर सोडलं.

बॅगेत मी काय नेलं, तं आईनं दिलेला ठेचा, साबणाच्या वड्या, अन् विशाखाच्या तिथल्या मैत्रिणींचे ब्लाउज. त्यांनी मापं पाठवली होती, मी प्रेमानं शिवून नेले. अन् टेप नेला, कैची नेली, कारण अंगात बसले नाही तं जागेवर सुधरून देता येते. टेलर माणूस दुसरं काय नेईल जी.

विमानात बाजूले अमरावतीच्या एक काकू होत्या, लेकीकडे चालल्या होत्या. जेवणाचं झाकण कसं काढाचं ते त्यांना मी सांगो, जसं काही मीच दरवर्षी जातो. उतरलो तं रांगेत माह्या पुढं त्याच. त्यांचा शिक्का झाला. मले खिडकीतल्यानं म्हटलं बाजूले उभे राहा, अन् एक वर्दीवाला घ्याले आला. काकूंनी मागं वळून पाहिलं, मले त्या पोलिसासारख्या माणसासोबत चालताना पाहिलं, अन् मान फिरवली. त्यांचं काय चुकलं. त्यांच्या जागी मी असतो तं मीही फिरवली असती.

खोलीत नेलं. बॅग टेबलावर उघडली. ते ब्लाउज एक एक करून मांडले त्यानं, लाल, हिरवा, मोरपंखी, दुकानासारखे. टेप ठेवला, कैची ठेवली. फोनवर एक हिंदी बोलणारी बाई जोडली, तो इंग्रजीत इचारे, ती हिंदीत सांगे. हे कोणाचे. बायकोच्या मैत्रिणींचे. तुम्ही इथं काम कराले आले काय. मी म्हटलं नाही जी, काम नाही कराचं, बस थोडंसं शिवाचं आहे.

मले खरंच तसंच वाटत होतं. काम म्हणजे दुकान उघडून बसणं. घरच्या माणसाले दोन टाके मारून देणं, त्याले कोणी काम म्हणते काय? पण त्या बाईनं ते जसं सांगतलं असन तसं सांगतलं, अन् तो साहेब लिहून राहिला तो लिहूनच राहिला. मग इचारलं, बायको इथं, कायमची फाईल टाकलेली, तं तुम्ही परत कशावरून जाल. मी म्हटलं आई आहे, दुकान आहे. दुकान कोण चालवते. मी म्हटलं बंद करून आलो. ते पण लिहिलं.

शेवटी सांगतलं की तुम्हाले आत येता येत नाही, पुढच्या विमानानं परत जावं लागन. ओरडला नाही तो. पाण्याचा गिलास दिला. ओरडला असता तं बरं वाटलं असतं.

विशाखा बाहेर उभी होती, त्या खोलीच्या कितीक दारं पलीकडे. त्यांनी फोन लावून दिला. मी म्हटलं, परत पाठवून राहिले. ती म्हणाली, मी इथंच आहे, दाराच्या या बाजूले, मले आवाज देऊन पाहा. कसा आवाज देऊ? एवढ्या दुरून आलो, अन् तिचा प्लास्टरचा हात नाही दिसला मले. मी तिले म्हटलं तू घरी जा. तेवढंच म्हटलं. ती गेली नाही, माहं विमान उडेपर्यंत थांबली, हे मले नंतर समजलं.

लोक मले इचारतात, कॅनडा कसा आहे. मी काय सांगू? एक खोली पाहिली, एक काच, काचेच्या पलीकडे बर्फ होता. कायद्यानं तं मी त्या देशात गेलोच नाही. येताना माहा पासपोर्ट विमानातल्या बाईच्या हातात होता, मले दिला नाही, लहान पोराचं तिकीट मोठ्या माणसाजवळ असते तसा.

नागपुरात उतरलो तं वस्तीत जायची हिंमत झाली नाही. रिक्षा चौकातून गेली, फ्लेक्स तसाच, अन् मी त्यात हसून राहिलो. रिक्षावाल्याले म्हटलं थांबू नको, सरळ चाल. बस पकडून खाप्याले बहिणीकडे गेलो. बहिणीनं दार उघडलं, मले पाहिलं, अन् भाकरी टाकाले बसली.

आईले फोन केला. ती रडली, मग म्हणे तू तिथंच राय. अन् तिनं वस्तीत सांगाले सुरुवात केली, पोहोचला, सून खूश आहे, तिकडे लय थंडी आहे म्हणते. माही आई, जिनं जन्मात कोणाले खोटं नाही सांगतलं, ती नळावर उभी राहून माह्यासाठी बर्फाच्या गोष्टी सांगे. मी खाप्यात कन्हान नदीच्या काठानं तोंडाले दुपट्टा बांधून फिरो. ओळखीचा कोणी दिसला की वळून दुसऱ्या बाजूनं जावो.

ते नाटक विशाखानंच मोडलं. पिंट्यानं तिले मेसेज टाकला, दोस्ताले फोन द्या वहिनी, तिकडे जाऊन विसरला आम्हाले. तिनं सरळ सांगतलं, ते आत आलेच नाही, खाप्याले आहेत, तुम्ही जाऊन भेटा. मी तिच्यावर भडकलो, काहून सांगतलं, माही लाज काढली. ती म्हणाली, तू चोरी केली काय? मी म्हटलं नाही. तं म्हणे, मग लपून काहून बसला? मी मैत्रिणींना सांगतलं, दवाखान्यात सांगतलं, एका हातानं सगळं करून राहिले अन् सगळ्यांना सांगून राहिले की माह्या नवऱ्याले परत पाठवलं. मले तुही लाज नाही वाटली.

 

पिंट्या गाडी घेऊन खाप्याले आला. म्हणे चाल. फ्लेक्स त्यानं स्वतः काढला होता, मले सांगतलं नाही, चौकात आलो तं जागा रिकामी दिसली. आई दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणे, लवकर आले. मी म्हटलं, हो, आत नाही घेतलं त्यांनी. पँटचं माप घेतलं. 

मागच्या उन्हाळ्यात विशाखा येऊन गेली. हात बरा आहे, थंडीत दुखते म्हणते. आम्ही रामटेकले गेलो, तलावाकाठी सावलीत बसलो. त्या साहेबानं जे लिहिलं त्याच्यावर फाईलवाल्यांनी खुलासा मागितला होता, आम्ही जसं झालं तसं लिहून दिलं, पुढं काही उत्तर नाही. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, अजून थोडं पाहू, नाही झालं तं मीच येते इकडे, इथंही दवाखाने आहेत.

मी म्हटलं, नको वं, किती मेहनतीनं कमावलं तू, माह्यापायी नको सोडू. तोंडानं म्हटलं. पण आतून, काय सांगू तुम्हाले, आतून असा आनंद झाला की मले तिच्याकडे पाहावलं नाही. लग्नाच्या वेळी चालते म्हणणारा मीच, अन् तिचं सगळं मोडून ती परत येईल म्हणून खूश होणाराही मीच. त्या खोलीत ब्लाउज मांडले तेव्हा लाज वाटली, पण ती लाज लोकांची होती. ही माही स्वतःची.

तिले समजलं असन. तिनं सोललेले दाणे माह्या हातावर ठेवले अन् म्हणाली, खा.

ती गेली परत. नोकरीवर आहे. मी रोज म्हणतो तिले तिथंच यश मिळो, अन् रोज म्हणताना थोडं अडखळतो, तेही लिहा तुम्ही.