वस्तादांचं बिनवासाचं पाणी

चहाला नळाच्या पावडरीचा वास येतोय म्हणून नाकं मुरडू नका रे. मला त्या वासानं धीर येतो.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झालती. जंतू मारायची ती पावडर आमच्या तालमीच्या नळालाही यायला लागली. वस्ताद भडकले, "ह्या वासानं थंडाई नासती!" त्यांनी बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात कोळसा भरला आणि त्यातनं पाणी गाळलं. वास पार गेला. पण ते पाणी फक्त त्यांच्या लाडक्या पट्ठ्याला, गडहिंग्लजच्या बाळूला. आम्ही मडक्याजवळ गेलो की ओरडायचे, "तुम्ही मरा तिकडं नळावर!"

पुढच्या वर्षी बाळू विषमज्वरानं अंथरुणाला खिळला. त्याला बघायला आलेल्या डॉक्टरांनी मडक्यात हात घातला, तर कोळसा बुळबुळीत.

"हा कधी बदललाय?"

"बदलायचा कशाला? चांगला मुरलाय की!"

"वस्ताद, तो वास औषधाचा होता. कोळशानं औषध काढून घेतलं, आणि मग त्याच्यातच जंतू वाढले."

वस्ताद मडक्याकडं बघत म्हणाले, "माझ्या हातानं पाजलं की हो त्याला."

त्याच आठवड्यात बाळू गेला. खांदा द्यायला आम्हीच होतो, सगळे नळाचं पाणी प्यालेले.