नानांच्या गाडीचं लॉक

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या डेपोचे व्यवस्थापक, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलोय ते आपले ज्येष्ठ ड्रायव्हर नाना, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि आंघोळ करूनही ज्यांच्या हातांचा ऑइलचा वास गेलेला नाही ती माझी वर्कशॉपची मंडळी,

मला नानांविषयी दोन गोड शब्द बोलायला सांगितलंय. मी वर्कशॉपचा फोरमन. गोड शब्द माझ्याकडे आधीच कमी, आणि नानांच्या बाबतीत ते गेल्या वर्षीच संपले. या माणसाने मला जेवढं छळलं, तेवढं माझ्या सख्ख्या मेव्हण्यानेही छळलेलं नाही. अध्यक्षमहोदय, हसू नका, तुमच्याकडेही येतोय.

आम्ही नानांना पाठीमागे मौनीबाबा म्हणतो. आता तोंडावरही म्हटलं. गाडी कशी आहे विचारलं की 'बरी'. पोरीच्या लग्नाचं काय झालं विचारलं की 'झालं'. असा माणूस नवी ऑटोमॅटिक गाडी घेऊन आला आणि चक्क आपणहून बोलला. म्हणाला, "लॉक पकडत नाही."

वहिनींसाठी सांगतो. या गाडीला क्लचचं पेडल नसतं. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून गिअरबॉक्सकडे जाते. मोकळ्या रस्त्यावर गाडीने वेग धरला की आतला एक क्लच आपोआप पकडतो, आणि इंजिन न् गिअरबॉक्स एकजीव फिरायला लागतात. हे लॉक. ते सुटत राहिलं की इंजिन नुसतं ओरडतं, तेल तापतं, डिझेल भसाभसा जातं आणि गाडीला हुडहुडी भरते.

आता आमच्या वर्कशॉपची एक जुनी शिस्त आहे. मेकॅनिकने चावी घेतली की ड्रायव्हरने फाटकाशी उभं राहायचं, मध्ये लुडबुड करायची नाही. मी गाडी काढली, हमरस्त्यावर नेली. लॉक असं पकडलं की विचारू नका. परत आणून म्हटलं, "नाना, गाडी ठणठणीत." नाना घेऊन गेले आणि संध्याकाळी फाटकात परत हजर. "पकडत नाही."

तेल बदललं, फिल्टर बदलला. वायरचा प्रत्येक जोड मीटर लावून पाहिला. ब्रेकचा स्विच तपासला, निर्दोष. लॉकला हुकूम देणारा विजेचा व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, तोही बदलला. शेवटी गिअरबॉक्स खाली उतरवून अख्खा कन्व्हर्टर नवा घातला. दर वेळी माझ्या हातात गाडी शहाण्यासारखी आणि नानांच्या हातात येरे माझ्या मागल्या! डोकं आपटायला भिंत शोधायची वेळ आली होती. घरी जेवताना मी आमटीकडे बघत "कुठे गळतंय?" म्हणालो, तेव्हा बायको ताटावरून उठून गेली.

आणि मग कुजबुज सुरू झाली. नानांचा हात गेला म्हणे. आता त्यांना रस्त्यावरून काढा, फाटकावर बसवा. अध्यक्षमहोदय, हे पहिल्यांदा कोण म्हणालं, ते मी इथे सांगणार नाही. खुर्चीचा मान असतो. पण ज्या माणसाचा आयुष्यभर गाडीला एक ओरखडा नाही, त्याला शेवटच्या वर्षी फाटकावर बसवायचं? कशासाठी, आम्हाला दोष सापडत नाही म्हणून? मला नानांची दया आली असं समजू नका. मला राग आला होता, सगळ्यांचाच.

त्या रागात मी शिस्त मोडली. नानांना चालवायला सांगितलं आणि मागून जीप घेतली. रस्ता सरळ, रिकामा, आडवं कुत्रंसुद्धा नाही, आणि नानांच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लुकलुकतायत! आता ब्रेकला स्पर्श झाला की लॉक सुटणारच, गाडी बनवलीच तशी आहे. हॉर्न देऊन थांबवलं, केबिनमध्ये चढलो. नानांचा डावा पाय ब्रेकच्या पेडलवर.

"नाना, हा पाय इथे काय करतोय?"

"बसलाय."

बसलाय! गिअरबॉक्स उतरवला होता मी, नवा कन्व्हर्टर घातला होता, आणि पाय बसलाय! मला वाटलं, क्लचची जुनी सवय. म्हटलं, मागे घ्या. घेतला. थोडं पुढे गेलो की परत पेडलवर. मी जे काही बोललो, ते या सभागृहात बोलता येणार नाही.

तसाच तणतणत त्यांच्या घरी गेलो, तक्रार करायला. वहिनींनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "भावजी, तो पाय दुमडून ठेवला की दुखतो हो. घरी पालथ्या बादलीवर ठेवून बसतात. कुणाला सांगू नका म्हणाले, गाडी काढून घेतील."

म्हणजे बघा. लॉक का सुटतं, हे नानांनाही ठाऊक नव्हतं; तक्रार प्रामाणिक होती. पण पाय दुखतो, हे एक वाक्य या माणसाने डॉक्टरला, मला, कुणाला म्हणून सांगितलं नाही! अहो नाना, कन्व्हर्टर बोलत नाही हे मी समजू शकतो. तुम्हाला तर तोंड आहे!

दुसऱ्या दिवशी पेडलच्या डावीकडे एक पत्रा बसवला, त्यावर जुन्या मॅटचा तुकडा. पाय तिथे लांब करून ठेवा म्हटलं. त्या दिवसापासून लॉक सुटलेलं नाही. ऑफिसने विचारलं, दोष काय होता? मी म्हटलं, ब्रेकच्या पेडलवर वजन येत होतं. कसलं, ते कुणी विचारलं नाही. नानांनी शेवटच्या दिवसापर्यंत गाडी चालवली. काल चावी देताना म्हणाले, "पत्रा काढ. नव्या माणसाला अडचण होईल." एवढं लांब बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

काढलाय, नाना. सकाळी मीच इथे आणलाय. मंडळी, टेबलाला झालर लावलीय म्हणून तुम्हाला दिसत नाही, पण नानांचा डावा पाय या घडीला त्यावरच आहे.

मला बोलू दिलंत, माझी कटकट ऐकून घेतलीत, सर्वांचा आभारी आहे. रागाच्या भरात कुणाला लागेलसं बोललो असेन, तर ते फोरमनचं बोलणं म्हणून पोटात घाला. फक्त एक विनंती, अध्यक्षमहोदय. पुष्पगुच्छ तुम्ही नानांच्या खुर्चीपाशी जाऊन द्या. तुम्ही नाव पुकारलंत तर ते उठून चालत येतील, आणि दुखतंय म्हणून सांगायचे नाहीत.